रुमालाखालचा कॉम्प्युटर

आमच्या घरात दोन धंदे होते. वडील बैलांची दलाली करायचे आणि मी कॉम्प्युटर बनवायचे. पहिल्या धंद्यावर घर चालायचं, दुसऱ्यावर घर हसायचं.

"बनवते म्हंजे? इकत मिळतो की आळेफाट्याला," असं मला आमच्या अर्ध्या बेल्हे गावाने ऐकवलं असेल. मी सांगायचे, तो नाही, मी स्वतः बनवते, अगदी पाटीपासून. मग तो माणूस दयेने माझ्या आईकडे बघायचा, आणि आई त्याच्याकडे, दोघांचं दुःख एकच असल्यासारखं.

मोबाइल लोकांच्या खिशात आले होते, पण इंटरनेट अजून सायबर कॅफेतच राहत होतं, अशी ती वर्षं. मी नुकताच डिप्लोमा संपवला होता. नोकरी लागत नव्हती आणि लग्न मी लागू देत नव्हते. त्या रिकामपणात मला इंटरनेटवर एका छोट्या कॉम्प्युटरचा नकाशा सापडला. परदेशातल्या कुणा हौशी मंडळींनी तो अख्खा उघड्यावर ठेवला होता. कुठली चिप कुठे बसवायची, कुठली तार कुठे न्यायची, आत प्रोग्राम कुठला घालायचा, सगळं. कुणीही घ्या, बनवा, बदला, विका. अट एकच: तुम्ही काही बदल केलात तर तोही असाच उघड्यावर ठेवायचा. आईला मी ही अट समजावली तेव्हा ती म्हणाली, "लोकांना कामधंदा न्हाई वाटतं तिकडं."

आळेफाट्याच्या कॅफेत मी तो नकाशा छापून घेतला. कॅफेवाल्याने तो उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ताई, रांगोळी हाय का ही?" घरी येऊन ती रांगोळी मी तांब्याचा पत्रा चढवलेल्या पाटीवर इस्त्रीने उमटवली. मग आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात केमिकल घेऊन मोरीत नको असलेलं तांबं उतरवलं. थोडं तांबं उतरलं आणि थोडं केमिकल फरशीवर सांडलं. त्याचा तपकिरी डाग काही केल्या जाईना. आई पाहुण्यांना मुद्दाम मोरीपर्यंत नेऊन दाखवायची, "ही आमच्या लेकीची इंजिनेरी."

चिपा आणि बारीकसारीक सामान मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणायचे. सोल्डरिंग गरम होईपर्यंत लाईट जायची आणि लाईट येईपर्यंत माझं डोकं गरम व्हायचं. अखेर एकदाची ती पाटी बॅटरीवर चालू झाली आणि तिच्यावरचा एक तांबडा दिवा लुकलुकायला लागला. मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. आई बराच वेळ बघत राहिली. पुढे काही होईना तेव्हा म्हणाली, "येवढंच? दिवा तर घरात आधीच व्हता, आन त्यो सरळ जळायचा." वडिलांनी मात्र पाटी हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितली, खोंडाच्या खुरांना बघतात तशी, आणि म्हणाले, "लाईट गेल्यावर बी चालतंय. म्हंजे जात चांगली हाय." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मी तरी कुठल्या बैलाला मिळालेलं ऐकलं नव्हतं.

वडिलांच्या धंद्याचं हत्यार म्हणजे त्यांचा उजवा हात. बैलबाजारात भाव तोंडाने बोलायचा नसतो. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, हातांवर रुमाल पडतो आणि रुमालाखाली बोटं बोलतात. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा दाबला की पाच. शेकडे की हजार हे बैलाकडे बघून समजायचं, आणि ज्याला ते समजत नाही त्याने शेळी घ्यावी. भोवती माणसांचं कोंडाळं असतं, पण भाव त्या दोघांशिवाय कुणाला कळत नाही. सौदा मोडला तरी कुणाची लाज जात नाही, कारण काय मोडलं हेच कुणाला ठाऊक नसतं. हे सगळं उजव्या हाताने. डावा हात पुढे केला तर समोरचा माणूस बैल जागेवर सोडून चालू लागेल.

एका बाजाराच्या दिवशी टेम्पोतून खोंड उतरवताना वडिलांनी कासरा हाताला गुंडाळला. कासरा हाताला गुंडाळू नये, हे त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेलं. खोंड बुजलं, पळालं, आणि कासऱ्यात करंगळी व तिच्या शेजारचं बोट चेंगरलं. प्लास्टर निघालं तेव्हा दोन्ही बोटं जागेवर होती, पण नुसती लावून ठेवल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, हलवत राहा, नाहीतर अशीच आखडून बसतील. त्यांनी दाबायला एक रबरी चेंडू दिला. "ह्या वयात चेंडू खेळू का मी?" असं म्हणून वडिलांनी तो वासरापुढे टाकला. वासराला तो आवडला.

पुढच्या बाजारी वडिलांनी रुमालाखाली पाच सांगितले आणि समोरच्याला तीनच कळले. बोलणी भलत्याच वाटेला गेली आणि सौदा फिस्कटला. त्यानंतरच्या बाजारीही तेच झालं. दलालाचं एकदा चुकलं तर लोक म्हणतात चूक झाली. दुसऱ्यांदा चुकलं तर म्हणतात, हा मधल्यामधे खातो. कुणी तसं तोंडावर बोललं नाही, पण वडिलांच्या हातावर रुमाल टाकायला माणसं येईनाशी झाली. ते बाजाराच्या कडेला चहाच्या हॉटेलात बसू लागले. आई म्हणाली, "तोंडानं सांगा की भाव. सगळं जग सांगतंय." तर म्हणाले, "तोंडानं सांगितला त्यो लिलाव. त्याला दलाल कशाला पायजे?" एका संध्याकाळी त्यांनी रुमाल खुंटीला अडकवला आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "झालं. आता बाजार बास."

मला फार वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की राग येतो आणि राग आला की मी काहीतरी बनवायला घेते. बोटं बोलत नसतील तर बोटांऐवजी बटणं बोलतील, असं मी ठरवलं.

मी तो परदेशी नकाशा पुढ्यात घेतला आणि त्यात आमच्या बाजारापुरते बदल केले. दोन डब्या, मधे एक लांब वायर. एकाने आपल्या डबीवरचं बटण जितक्या वेळा दाबावं तितक्या वेळा दुसऱ्याच्या डबीने त्याच्या तळहातात थरथरावं. थरथरायला मोडक्या मोबाइलमधली मोटर घेतली, चालायला त्याचीच बॅटरी. एक बटण हजाराचं, एक शेकड्याचं. पडदा नाही, दिवा नाही. रुमालाखाली बघणार कोण? डब्या म्हणून प्रवासात न्यायच्या साबणाच्या डब्या घेतल्या, कारण त्या मुठीत बसतात. आईने विचारलं, "आन आंघुळीला काय करायचं?"

वडिलांनी डबी हातात घेऊन मान हलवली. "चालंल. पर लोक हात लावायचे न्हाईत. दलालाच्या पोरीनं क्येलेली डबी! आत काय घातलंय कुणाला ठावं?"

हे खरंच होतं. कुणीही असाच विचार केला असता, मीसुद्धा. म्हणून मी रंगीत डब्या टाकून काचेसारख्या पारदर्शक आणल्या, आतलं सगळं दिसेल अशा. नकाशा आणि प्रोग्रामचे कागद छापून घेतले आणि वडिलांबरोबर बाजारात गेले. बैलबाजारात बाईमाणूस म्हणजे चहावाली नाहीतर माझ्यासारखी वाट चुकलेली. लोक बैल सोडून मला बघायला लागले.

लोणीचे एक म्हातारे व्यापारी होते. वडिलांशी त्यांचे कैक सौदे झालेले आणि तितकीच भांडणं. अख्खा बाजार त्यांच्याकडे बघून पाऊल टाकायचा. त्यांनी डबी उन्हात धरली आणि मला एकेक भाग विचारला. ही काळी काय, ती गोल काय, ही तार कुठं जाती. बैलाचे दात बघावेत तसं सगळं बघून झाल्यावर त्यांनी मला असा प्रश्न विचारला की डिप्लोमाच्या परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. "आमी दाबलेला भाव ह्याच्या आत मागं ऱ्हातो का?"

"नाही. हातातून सोडली की पुसला जातो."

"कशावरून?"

"ह्या कागदांवर सगळं लिहिलंय, आजोबा."

"मला विंग्रजी येत न्हाई. नातू कॉम्प्युटर शिकतोय मंचरला. त्याला वाचाया देतो. त्यो म्हनला ठीक, तर ठीक." त्यांनी कागदांची घडी केली, बंडीच्या खिशात घातली आणि बैल बघायला निघून गेले.

पुढच्या बाजारी ते आले ते हसतच. "काय मागं ऱ्हात न्हाई म्हनला नातू. पर तिसऱ्या पानावर एक चूक हाय म्हनला." मी तिथेच खाली बसून तिसरं पान काढलं. चूक होती. दहाव्यांदा बटण दाबलं की मोजणी परत एकपासून सुरू व्हायची. मला त्या पोराचा राग आला आणि हायसंही वाटलं. ती चूक मी दुरुस्त केली आणि मग डबीला बाजारात उभं राहायची परवानगी मिळाली.

बैल निमगाव साव्याच्या एका शेतकऱ्याचे होते, घेणारे लोणीचे म्हातारे. वडील शेतकऱ्याच्या वतीने बोलणार. रुमाल पडला. भोवती नेहमीपेक्षा दुप्पट माणसं जमली. मी थरथर ऐकू जाऊ नये म्हणून मोटर स्पंजात गुंडाळली होती, वायर शिवून घेतली होती, सगळ्याचा विचार केला होता. वडिलांनी पहिलं बटण दाबलं.

टक.

साबणाच्या डबीत तो आवाज असा घुमला की बैलानेही कान हलवला. टक. टक. मी टेबलावर काम करायचे तेव्हा बटणाचा हा टक आवाज ऐकून मला बरं वाटायचं. तो दुसऱ्या कुणाला ऐकू येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गर्दीने आधी माना पुढे काढल्या. मग मागून कुणीतरी मोजायला लागलं, "चार... पाच..." आणि पुढच्या टकला सगळी गर्दी एका सुरात ओरडली, "सहा!" म्हाताऱ्यांनी उत्तर दिलं, तेही टक टक. गर्दीने तेही मोजून दिलं. निमगावचा शेतकरी कपाळाला हात लावून म्हणाला, "आता टीव्हीवर बी सांगा राव, म्हंजे ऱ्हायलेल्या लोकांना कळंल."

वडील तडक घरी आले. उंबऱ्यात उभे राहून आईला म्हणाले, "तुझ्या लेकीनं रुमाल टाकून लिलाव क्येला." आई हसायला लागली, मग मी हसले, मग दोघी गप्प झालो, कारण ते हसत नव्हते. रुमाल पुन्हा खुंटीला गेला.

आवाज न करणारं बटण घरात एकाच वस्तूत होतं, टीव्हीच्या रिमोटमध्ये. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली तेव्हा मी रिमोट उघडला आणि आतला मऊ रबरी बटणांचा थर काढून घेतला. त्यातली चार बटणांची एक पट्टी डबीत बरोबर बसली. मला लागत होती दोन. पट्टी कापायचा कंटाळा केला आणि उरलेल्या दोन बटणांना पहिल्या दोन्हींचंच काम देऊन टाकलं. आता डबी मांजरासारखी गप्प झाली. आई मात्र संध्याकाळी सिरियलच्या वेळी टीव्हीसमोर जी काही बोलली, त्याला आवाज होता. नंतर ती केरसुणीच्या दांड्याने टीव्हीची बटणं दाबायला शिकली आणि आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडं हे नवं रिमोट हाय."

वडिलांना परत बाजारात न्यायला मला बरीच बोलणी खावी लागली. पण गेले. आणि डबी चालली. रुमाल पडायचा, गर्दी कान टवकारायची, काहीच ऐकू यायचं नाही आणि गर्दी नाराज व्हायची. सौदे जमायला लागले. वडील अंगठ्याशेजारच्या दोन चांगल्या बोटांनी बटणं दाबायचे, आणि ती दोन आखडलेली बोटं डबीच्या कडेला नुसती टेकून असायची.

अटीप्रमाणे मला माझे बदल इंटरनेटवर ठेवायचे होते. वडिलांना हे कसं पटवायचं याची मी घरी तालीम केली होती, कारण जन्मभर रुमाल टाकणाऱ्या माणसाला उघड्यावरचा नकाशा कसा पटावा? मी सुरुवात केली तर त्यांनी मला अर्ध्यात थांबवलं. "त्यात काय इचारायचं? झाकायचा असतो भाव. औत कुनी झाकतं का? सुताराकडं जायचं, दुसऱ्याचं बघायचं, आपलं तसं करून घ्यायचं. माझ्या आज्यापासनं तसंच चाललंय." माझी तालीम वाया गेली. मी नकाशा ठेवून दिला. परदेशातून कुणीतरी विचारलं, हे यंत्र नक्की कशासाठी? बाजारात दोन पुरुष रुमालाखाली एकमेकांचा हात धरून बराच वेळ उभे राहतात, हे मी जमेल तसं इंग्रजीत कळवलं. त्याचं पुढे उत्तर आलं नाही.

मला वाटलं, झालं, मी जिंकले. पण एका रात्री जेवताना वडील म्हणाले, "डबीतनं आकडा येतो बग. माणूस येत न्हाई."

"म्हणजे?"

"हातात हात असला की समजतंय. समोरचा घुटमळला का, घाम सुटलाय का, आजून चढंल का. ह्यात नुसती थरथर. घाबऱ्याची बी तीच आन बनेलाची बी तीच."

मला इतका राग आला की मी ताट तसंच सारून उठले. आईचं रिमोट गेलं, माझे डोळे गेले, आणि यांना वर माणूस पाहिजे! दोन दिवस मी डबीकडे बघितलंही नाही. पण ते खरं बोलत होते, आणि हे कुठल्याही चिपने होणार नाही हे मला त्यांच्याआधीच कळायला हवं होतं.

पुढे एकदा वडिलांनी डबी दुरुस्तीला आणून दिली. म्हणाले, "बटणं ऐकंनात." मी उघडली. रबराच्या बटणाखाली एक काळी टिकली असते. ती झिजली की बटण मेलं. पहिल्या दोन बटणांच्या टिकल्या ठीक होत्या. पण शेवटच्या दोन, ज्यांना बाजारात कुणी बोट लावत नव्हतं, त्या घासून पार पांढऱ्या पडल्या होत्या. ती बटणं करंगळीखाली आणि तिच्या शेजारच्या बोटाखाली येत होती. मी डबी हातात घेऊन बसून राहिले. म्हणजे हल्ली हा माणूस गोठ्यात बैलांना वैरण घालायच्या निमित्ताने इतका वेळ काढत होता, तो तिथे डबी घेऊन बसत होता. चेंडू दाबायला लाज वाटत होती, पण लेकीची डबी दाबायला हरकत नव्हती.

मी गुपचूप शेवटच्या दोन बटणांना नव्या टिकल्या लावल्या आणि प्रोग्राममध्ये घरच्यापुरता एक बदल केला: आता ती दोनच बटणं चालणार, पहिली दोन बंद. बाजाराच्या दिवशी सकाळी सगळी चालू करून द्यायचे, संध्याकाळी परत बंद. वडिलांनी विचारलं, "पयली दोन बटणं घरी चालत न्हाईत का गं?" मी म्हटलं, "रबर थंड पडतं." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं, आणि डबी घेऊन गोठ्यात गेले. हा एक बदल मी इंटरनेटवर ठेवला नाही.

थंडी संपत आली होती त्या सुमाराचा बाजार. लोणीचे म्हातारे एका खिल्लारी जोडीवर खिळून बसले होते. वडिलांनी खांद्यावरचा रुमाल काढला, डबी माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "धर जरा."

"अहो आप्पा, वायर..."

"धर म्हनलं ना."

त्यांनी मोकळा उजवा हात पुढे केला. म्हाताऱ्यांनी एकदा त्यांच्या तोंडाकडे बघितलं, एकदा हाताकडे, आणि आपला हात दिला. रुमाल पडला. मला काहीच दिसत नव्हतं. दिसू नये म्हणूनच तर रुमाल असतो. नुसते दोन चेहरे दिसत होते. वडिलांच्या कपाळाची शीर उठली होती. रुमाल हलायचा, थांबायचा, परत हलायचा. नेहमीपेक्षा फार वेळ लागत होता. गर्दीत कुणीतरी खाकरलं आणि मला त्याला ढकलून द्यावंसं वाटलं. आता समोरचा हात काढून घेणार आणि हे परत हॉटेलात जाऊन बसणार, असं माझ्या मनात आलं.

म्हाताऱ्यांनी रुमाल उचलला. जोडीच्या पाठीवर थाप मारली आणि गुलाल मागवला. म्हणजे सौदा झाला होता. मग ते माझ्याकडे वळले.

"पोरी, तुझ्या बापाची करंगळी आजून मुकीच हाय. पर तिच्या शेजारचं बोट बोलाया लागलं. तोतरं बोलतंय, पर मला समदं समजलं."

"तुमाला वयानं कमी ऐकू येतं," वडील म्हणाले, "म्हनून थांबून थांबून सांगितलं."

आणि ते बैलाचा कासरा सोडवायचं निमित्त करून खाली वाकले. मला हसू आलं, लगेच रडू आलं. मी डबीतली बॅटरी काढून घेतली.